अज्ञात हातांचे ऋण : कै. डॉ. दिनकर गंगाधर केळकर

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी आपल्या मंडळाचे रोपटे लावले, त्यांतील कित्येकजण एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि नेमणुकीचा कागद एवढ्याच शिदोरीवर बेंगळूरच्या स्थानकावर उतरले असतील. त्या वळकटीत आईने किंवा आजीने शिवलेली गोधडी असे आणि ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, एखादे जरीकाठी लुगडे, बाळाची कुंची, रुखवताचा रुमाल असे काहीबाही असे. पुढे घरे बदलली, ट्रंका अडगळीत गेल्या आणि त्यांच्या पोटातील वस्तूंचे काय झाले, हे आपल्यापैकी अनेकांना नीट आठवणारही नाही.

या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर महाराष्ट्रीय पुरुषाचा परिचय लिहावा, अशी आज्ञा झाली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम ही ट्रंक आली आणि तिच्या ओघाने एक नाव आले. ते नाव सेनापतीचे नाही, मुत्सद्द्याचे नाही, संताचेही नाही. आपल्या आज्या-पणज्या ज्या वस्तू हाताळता हाताळता झिजल्या, त्या वस्तूंना मानाचे घर देणाऱ्या एका पुणेकर गृहस्थाचे ते नाव आहे. कै. डॉ. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक काकासाहेब केळकर, यांच्या जीवनकार्याचा, आणि विशेषेकरून त्यांच्या संग्रहातील वस्त्रप्रावरणांच्या अंगाचा, अल्पसा परिचय करून देण्याचा हा नम्र प्रयत्न आहे.

काकासाहेबांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. त्याच वर्षी मुंबईत प्लेगने पाऊल टाकले आणि पुढच्या वर्षी पुणे त्याच्या विळख्यात सापडले. अशा त्या धामधुमीच्या काळात त्यांचे बालपण गेले. त्यांची जडणघडण ज्या पुण्यात झाली, ते पुणे लोकमान्यांचे होते. इतिहास हा तेव्हा केवळ शाळेतील विषय नव्हता. तो स्वाभिमानाचा विषय होता. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या दप्तरांतील कागद जमवीत होते. १९१० साली त्यांच्याच पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली होती. जुना कागद जपला पाहिजे, ही जाणीव पुण्याच्या हवेतच होती. परंतु जुना अडकित्ता, जुनी समई, जुनी चोळी हेही इतिहासाचेच कागद आहेत, असे तेव्हा फारसे कोणाच्या मनात येत नसे. केळकरांच्या मनात ते आले, हेच त्यांचे वेगळेपण.

तारुण्यात केळकर कवी होते. पुण्यात त्या वेळी कवितेचे वारे वाहत होते. १९२३ साली तेथे रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि नव्या कवींची नावे घरोघर पोहोचली. केळकरांनी कवितालेखनासाठी जे टोपणनाव घेतले, ते मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ते अज्ञातवासी या नावाने लिहीत. ज्याने स्वतःसाठी असे नाव निवडले, त्याच्या हातून पुढे सारे आयुष्य अज्ञात कारागिरांच्या कामाची जपणूक व्हावी, हा योगायोग खरा. पण मनुष्याच्या स्वभावाचा कल अशा लहानशा गोष्टींतूनही दिसून येतो, असे म्हणावयास हरकत नाही.

कवितेने पोट भरत नाही, हे केळकरांनाही ठाऊक होते. पुण्यात त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. दुसऱ्यांना नीट दिसावे म्हणून भिंगे बसवून देणारा हा गृहस्थ स्वतःची नजर मात्र दुसरीकडेच लावून बसला होता. १९२० साली लोकमान्य निवर्तले. त्याच सुमारास केळकरांच्या संग्रहाला प्रारंभ झाला. त्यामागे राजाश्रय नव्हता, संस्थेचे पाठबळ नव्हते, वाडवडिलांची गडगंज संपत्तीही नव्हती. एका मध्यमवर्गीय दुकानदाराने आपल्या मिळकतीतून, पदरमोड करून, एकेक नग जमवीत नेला आणि हा क्रम त्याने थोडीथोडकी नव्हे, तर सुमारे सत्तर वर्षे चालविला.

हा काळही मोठा चमत्कारिक होता. जुन्या पुण्यातील वाडे मोडकळीस येत होते. एकत्र कुटुंबे विभागली जात होती. १९४८ सालच्या सुमारास संस्थाने विलीन झाली आणि संस्थानिकांच्या पदरच्या कारागिरांचा आधार तुटला. घराघरांतून तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघत होती, कोरीव दारे सरपणाच्या भावाने जात होती. जी वस्तू तीन-चार पिढ्यांनी वापरली, ती एका दुपारी भंगाराच्या ढिगावर पडत होती. अशा वेळी केळकर जुन्या बाजारात, पडत्या वाड्यांत, आडगावांतील घरांत आणि पुढे भारताच्या दूरदूरच्या प्रांतांत फिरत राहिले. या खटाटोपात त्यांच्या पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. संसारातील पैसा जुन्या वस्तूंवर खर्च होत असताना ज्या गृहिणीने कपाळाला आठी घातली नाही, तिचा वाटा संग्राहकाच्या वाट्याहून रतिभरही उणा मानता येणार नाही.

त्यांच्या संग्रहाची नुसती नावनिशी पाहिली, तरी संग्राहकाच्या दृष्टीची कल्पना येते. दिवे आणि समया, अडकित्ते आणि पानाचे डबे, कुलुपे, पाय घासण्याच्या वज्री, फण्या आणि करंडे, गंजिफा, वाद्ये, बाहुल्या, कोरीव दारे, दागिने, शस्त्रे, चित्रे आणि वस्त्रे. यांत राजवैभवाच्या वस्तूही आहेत. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून त्यांनी तो महाल संग्रहालयात पुन्हा उभा केला, हे सर्वश्रुतच आहे. परंतु संग्रहाचा प्राण आहे तो स्वयंपाकघरातील, माजघरातील आणि देवघरातील वस्तूंत. वज्रीने पाय घासणाऱ्या बाईला त्या वज्रीवर मोर किंवा हत्ती कशाला हवा होता? त्यावाचून पाय घासावयाचे राहिले नसते. तरीही कोणा अनाम कासाराला तो मोर घडवावासा वाटला आणि घेणारीलाही तो हवासा वाटला. रोजच्या जगण्यात सौंदर्याला जागा ठेवण्याची ही जी वृत्ती, तिचाच शोध केळकर घेत होते.

केळकरांच्या जीवनातील सर्वांत मोठ्या दुःखाचा उल्लेख येथे केल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांचा मुलगा राजा हा लहान वयातच त्यांना सोडून गेला. संग्रहालयाच्या नावातील राजा ही पदवी आहे, असे परप्रांतीयांनाच नव्हे, तर कित्येक मराठी माणसांनाही वाटते. दिनकर केळकर नावाचे कोणी संस्थानिक असावेत, असा त्यांचा समज होतो. वस्तुतः मुलाचे नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव, अशा आपल्या नेहमीच्या रीतीने लिहिलेले ते त्या गेलेल्या मुलाचे पूर्ण नाव आहे. शाळेच्या हजेरीपटावर जे नाव वर्षानुवर्षे चढत गेले असते, ते बापाने एका वास्तूवर कोरले. स्वतःच्या नावाने संग्रहालय काढणारे पुष्कळ असतील. पण या गृहस्थाने आपले नाव मुलाच्या नावामागे, बापाच्या जागी, ठेवले आणि तेथेच समाधान मानले.

आता त्यांच्या संग्रहातील वस्त्रांकडे वळू. कोणत्याही संग्राहकाला विचारावे, तर जपावयास सर्वांत अवघड वस्तू कोणती, याचे उत्तर बहुधा कापड हेच मिळेल. पितळ पुरून ठेवले तरी शे-दोनशे वर्षांनी घासून लखलखीत करता येते. लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कापडाचे तसे नाही. ऊन त्याचा रंग उडविते, दमट हवा त्यावर बुरशी धरते, कसर त्याला चाळणी करते. एकाच घडीवर वर्षानुवर्षे ठेवले, तर रेशीम त्या घडीवरच तुटते. काळा रंग देताना लोखंडाचा अंश वापरलेला असेल, तर तो रंगच सुताला आतून खातो आणि कापडावरील इतर रंग शाबूत असताना नेमके काळे धागे गळून पडतात.

त्याहूनही मोठा शत्रू म्हणजे आपला काटकसरी संसार. आपल्या घरांत कापड कधी फेकले जात नसे. नऊवारी लुगडे जुने झाले की त्याची गोधडी होई, उरलेल्या मऊ तुकड्याची बाळाची दुपटी होत, दुपट्याचे फडके आणि फडक्याचे पोतेरे होई. शेवटची चिंधी दिव्याच्या काकड्यालाही लागे. गृहकृत्याच्या दृष्टीने ही रीत वंदनीयच होती. परंतु तिच्यामुळे सामान्य माणसाचे दोनशे वर्षांपूर्वीचे वस्त्र पाहावयास मिळणे दुरापास्त झाले. जे भारी वस्त्र होते, त्याची गत आणखी निराळी. खऱ्या जरीचा शालू किंवा पैठणी विरली, की दारावर येणारी बोहारीण तिच्या बदल्यात भांडी देई आणि पुढे ते वस्त्र जाळून जरीतील चांदी वेगळी काढली जाई. विणकराने महिनोन्‌महिने मागावर बसून काढलेला पदर काही क्षणांत राख होई आणि हाती चांदीची लहानशी गोळी उरे.

म्हणूनच केळकरांसारख्यांनी वेचलेल्या जुन्या कापडांचे मोल मोठे आहे. पैठणीचेच उदाहरण घ्यावे. गोदाकाठच्या पैठणात विणल्या जाणाऱ्या या वस्त्राच्या पदरावरील मोर, पोपट, वेलबुट्टी ही भरतकामाने काढलेली नसते. निरनिराळ्या रंगांचे आडवे धागे हाताने एकमेकांत अडकवीत ती मागावरच विणलेली असते. त्यामुळे अस्सल पैठणीच्या पदराची उलट आणि सुलट बाजू सारखीच दिसते. पेशवाईत तिला मान होता, पुढे निजामाच्या राज्यात तिला आश्रय मिळाला. नंतर ही कला क्षीण होत गेली आणि येवल्याच्या विणकरांनी ती पुढे चालविली. जुना पदर समोर असला, तरच नव्या विणकराला आपले पूर्वज काय करीत होते, हे पारखता येते. संग्रहालयातील कापड हे केवळ पाहुण्यांसाठी नसते. ते मागावर बसलेल्या नातवासाठी आजोबांनी ठेवलेले पत्र असते.

आपण कर्नाटकात राहणाऱ्यांनी तर या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रातील बायांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या जो खणाचा चोळीतुकडा शोभला, तो मुख्यतः गुळेदगुड्डचा आणि जे इरकली लुगडे जेजुरीच्या गडापासून पंढरीच्या वाळवंटापर्यंत दिसते, ते मूळ इळकलचे. ही दोन्ही गावे बागलकोट जिल्ह्यातील. इळकलचा पदर अंगाच्या धाग्यांशी एकेक फासा अडकवून जोडलेला असतो. त्यावर धारवाडकडच्या बाया कसुतीचा टाका घालीत. कापडाचे धागे मोजून, खाली आराखडा न काढता, गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन त्या सहज उमटवीत. गोधडीचीही तीच कथा. आपली वाकळ किंवा गोधडी, इकडची कौदी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या ठिगळांच्या गोधड्या या साऱ्या सख्ख्या बहिणी आहेत. या शहरात भावसार क्षत्रिय समाजाची मराठी बोलणारी कुटुंबे किती जुनी आहेत, हे आपण जाणतोच. रंगकाम आणि शिवणकाम हे त्यांचे परंपरागत व्यवसाय. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या त्या १९५६ साली. सुताला आणि सुईला त्या सीमा कधीच ठाऊक नव्हत्या.

केळकरांच्या संग्रहात महाराष्ट्राबरोबर इतर प्रांतांनाही स्थान आहे. गुजरातेतील भरतकाम आणि लाकडावरील कोरीव काम हे त्याचे ठळक उदाहरण. सौराष्ट्र आणि कच्छकडील स्त्रिया दारावरची तोरणे, भिंतीवरचे चाकळे, चोळ्या आणि घागरे स्वतः भरीत आणि लग्नानंतर ते सासरी नेत. मुलीने किती भरले, यावर तिची हुशारी जोखली जाई. अशा एका तोरणात एका मुलीची दहा-बारा वर्षांची कुमारावस्था गुंतलेली असे. तिला लिहिता येत नव्हते. सुई हीच तिची लेखणी होती.

आता थोडे दूर, जपानकडे पाहू. कारण केळकर पुण्यात जे करीत होते, त्याच्याशी आश्चर्यकारक साम्य असलेले कार्य त्याच वर्षांत तेथेही चालले होते. यानागी सोएत्सु हे जपानी विचारवंत १८८९ साली जन्मले, म्हणजे केळकरांहून सात वर्षांनी वडील. साध्यासुध्या माणसांनी साध्यासुध्या माणसांसाठी घडविलेल्या वस्तूंतच खरे सौंदर्य असते, हा त्यांचा सिद्धांत. १९२५ साली त्यांनी आणि त्यांच्या कुंभारकाम करणाऱ्या मित्रांनी अशा वस्तूंसाठी मिंगेई, म्हणजे लोककला, हा शब्द रूढ केला आणि १९३६ साली टोकियोत त्यांचे लोककलासंग्रहालय उघडले. अज्ञात कारागीर हाच त्यांच्या चिंतनाचा विषय होता. तिकडे तत्त्वज्ञ अज्ञात कारागिराचे मोठेपण सांगत होता, इकडे अज्ञातवासी कवी त्याच कारागिराच्या वस्तू वेचीत होता. केळकरांनी सिद्धांत मांडला नाही. त्यांनी वस्तू मांडल्या.

जपानच्या लोकवस्त्रांची हकीकत तर आपल्या गोधडीचीच आहे. त्या देशाच्या उत्तरेकडे थंडीमुळे कापूस पिकत नाही. तेथील शेतकरी वाखाचे जाडेभरडे कापड वापरीत. त्सुगारू भागात तर त्यांना सुती वस्त्र वापरण्याची मनाईच होती. तेव्हा तेथल्या बायांनी नीळ दिलेल्या वाखाच्या कापडावर पांढऱ्या सुताचे टाके दाट भरून ते उबदार आणि देखणे केले. त्यास कोगिन म्हणतात. जुनी वस्त्रे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवण्याच्या पद्धतीला साशिको असे नाव आहे. ठिगळावर ठिगळ लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या निळ्या कपड्यांना बोरो म्हणतात. दारिद्र्याची खूण म्हणून एके काळी ती लपविली जात. तानाका चूझाबुरो (१९३३ ते २०१३) या संग्राहकाने आओमोरी भागात हिंडून ती जमविली आणि आज जगभरचे लोक ती डोळे भरून पाहतात. आपल्या आजीच्या धावदोऱ्यात आणि त्या जपानी आजीच्या धावदोऱ्यात काय अंतर आहे? दोघींचीही चिंता एकच होती, पोराला थंडी वाजू नये.

याहून जुने नातेही आहे. सतराव्या शतकापासून कोरोमंडल किनाऱ्यावरील रंगविलेले सुती कापड जहाजांतून जपानला जाई. तेथे त्याला सारासा म्हणत. ते इतके दुर्मीळ आणि मोलाचे मानले जाई, की चहाच्या समारंभाची भांडी गुंडाळण्यासाठी त्याचे लहान लहान तुकडे जपून वापरीत. मद्रासजवळच्या सान थोमे या ठिकाणाच्या नावावरून तेथील एका पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला संतोमे हे नाव पडले. आपल्या देशात ज्या कापडाच्या चिंध्या झाल्या, त्याचे वीतभर तुकडे परदेशात तीन-तीनशे वर्षे पेटीत राहिले. जपणुकीची बुद्धी कोठे आणि कोणाला होईल, याला नियम नाही.

आपल्या देशातही केळकर या मार्गावर अगदी एकटे नव्हते. १९४९ साली अहमदाबादेत साराभाई कुटुंबाने कॅलिको वस्त्रसंग्रहालय स्थापन केले. त्याची मूळ सूचना कलामर्मज्ञ आनंद कुमारस्वामी यांची होती. मंगळूरच्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९५२ सालापासून अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा वाहिली आणि गावोगावच्या कारागिरांना नवे बळ दिले. परंतु एकामागे गिरणीमालकाचे धन होते आणि दुसऱ्यामागे शासनाची यंत्रणा. केळकरांच्या मागे होते ते चष्म्याचे दुकान आणि कमलाबाई.

वस्तू जमविणे आणि ती सोडता येणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बहुतेक संग्राहक पहिलीत थोर आणि दुसरीत दुबळे असतात. त्यांच्या पश्चात संग्रहाची वाटणी होते किंवा लिलाव होतो. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरच्या वर्षांत केळकरांनी आपला सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. या संग्रहाच्या बळावर त्यांना परदेशी खरेदीदार मिळणे अवघड नव्हते. तरी त्यांनी तो समाजाला देऊन टाकला. पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यानजीक नातूबागेत, ते संग्रहालय आजही उभे आहे. त्यातील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर असून जागेअभावी त्यांतील सुमारे अडीच हजारच मांडता येतात. भारतीय दिव्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ साली प्रसिद्ध केले. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

थोरांचे चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळणे योग्य नव्हे. अशा प्रकारच्या सर्वच संग्रहांत एक उणीव राहून जाते आणि तिचा विचार आपण केला पाहिजे. वस्तू येते, ती टिकते, तिची पाटी लागते; पण ती करणाऱ्या हातांचे नाव सहसा येत नाही. गाव किंवा प्रांत, अदमासे शतक आणि कापडाचा प्रकार, एवढ्यावर पाटी संपते. हा दोष संग्राहकाचा कमी आणि आपला अधिक आहे. जुन्या बाजारात पोहोचेपर्यंत वस्तूचे नाव-गाव आपणच पुसून टाकलेले असते. ज्या घरातून ती निघाली, त्या घराने जर चार ओळी लिहून दिल्या असत्या, तर अज्ञात कारागीर अज्ञात राहिला नसता.

हे मी दुसऱ्यांना शिकविण्यासाठी लिहीत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली ठरलेली आणि प्रत्येक बदलीत सामान थोडे कमी होणेही ठरलेले. नागपुराहून इकडे येण्याची आज्ञा झाली, तेव्हा आमच्या घरातील जुनी ट्रंक उघडली गेली. तीत माझ्या आजीच्या हातची कुंची होती. माझ्या वडिलांना घातलेली, मला घातलेली, माझ्या मुलाला बारशाच्या दिवशी घातलेली. तिला खणाचे अस्तर होते आणि कडेने आजीने मण्यांची झालर लावली होती. शेजारी तिचा विरलेला शालू होता. ट्रकमध्ये जागा नव्हती, आई गावी होती, पत्नी माहेरी गेली होती आणि मी घाईत होतो. दारावर आलेल्या बोहारणीला मी ती सारी ट्रंक दाखविली. बदल्यात झाकणाचे एक स्टीलचे पातेले मिळाले. तो व्यवहार मला तेव्हा फायद्याचा वाटला होता.

पुढे एका रजेत पुण्यास गेलो असता केळकर संग्रहालय पाहिले. शाळेच्या सहलीत मी ते एकदा पाहिले होते. परंतु त्या वयात तलवारी आणि मस्तानी महाल एवढेच ध्यानात राहिले. या खेपेस जुन्या भरतकामाच्या कपड्यांपुढे मात्र पाय थबकले. काचेआड कोणा परक्या आजीचे टाके होते. ते जपण्यासाठी कोणा अनोळखी गृहस्थाने आयुष्य वेचले होते आणि मी माझ्या आजीचे टाके एका पातेल्यावर देऊन टाकले होते. बेंगळूरला परतल्यावर आईला सारे सांगितले. ती रागावली नाही. तिने फक्त त्या कुंचीवर किती रंगांचे मणी होते आणि आजीने ती कोणत्या वर्षी, कोणाच्या बाळंतपणात शिवली, हे सांगावयास प्रारंभ केला. ते मी त्या रात्री एका वहीत लिहून घेतले. कुंची गेली, तिची पाटी तेवढी माझ्याजवळ राहिली. ते पातेले आमच्या घरात अजून आहे आणि त्यात रोज दूध तापते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या सर्व कुटुंबांना माझी एक विनंती आहे. कोरमंगला, जयनगर, मल्लेश्वरम, जेथे कोठे आपण राहत असू, तेथे एका रविवारी आपापले जुने कपाट उघडावे. जे जुने वस्त्र हाती लागेल, त्यासाठी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : हे कोणी केले किंवा कोणासाठी घेतले, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी आणि कोणत्या प्रसंगी. तो कागद वस्त्राला टाचणीने टोचू नये, टाचणी गंजते. सुती पिशवीत वस्त्रासोबत ठेवावा. वस्त्र प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, धुवट पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळावे. डांबराची गोळी कापडाला चिकटू देऊ नये. वर्षातून दोनदा, विशेषतः इकडचा पावसाळा सरला की, ते सावलीत वाऱ्यावर धरावे आणि घडी बदलून ठेवावे. आणि ज्यांच्या घरी सांगणारी वडील माणसे आहेत, त्यांनी हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये. कापड एखादे वर्ष वाट पाहील. माणूस पाहीलच असे नाही.

सर्वच वस्तू संग्रहालयात गेल्या पाहिजेत, असे नाही. गोधडी ही पांघरण्यासाठीच असते आणि पांघरून पांघरून विरण्यात तिचे सार्थक आहे. परंतु ती विरण्यापूर्वी तिच्यावर कोणाचा हात फिरला होता, हे तिच्याखाली झोपणाऱ्या नातवंडाला ठाऊक असावे, एवढीच अपेक्षा. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना महाराष्ट्र म्हणजे काय, हे भाषणांनी समजावणे अवघड आहे. आजीच्या नावासह एक कुंची त्यांच्या हाती दिली, तर ते काम निम्मे होते.

एका बापाने आपल्या गेलेल्या मुलाचे नाव राहावे म्हणून हजारो अनोळखी माणसांच्या हातच्या वस्तू जपल्या. आपल्याला तर केवळ आपल्याच माणसांची नावे लिहून ठेवावयाची आहेत. कै. काकासाहेब केळकर आणि कै. कमलाबाई यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन करून हा लेख पुरा करतो.